सुभेदारांचं वजन

वजनमापे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचा माणसांवर फारसा विश्वास उरत नाही. तो काट्यावर विश्वास ठेवतो. दुकानदार गोड बोलतो, गिऱ्हाईक रडून बोलतं, पण काटा बोलतो तेच खरं, ह्या एका तत्त्वावर मी बाजारातल्या निम्म्या दुकानदारांची झोप उडवलेली आहे. मी गल्लीत शिरलो की पारड्यांखाली चिकटवलेले मेणाचे गोळे आपोआप गळून पडतात, असं माझ्याविषयी बोललं जातं. मी ते कधी नाकारलेलं नाही. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते ऐकून कुणाचा असा समज व्हायला नको की मला वजन करता येत नाही.

माझी थोरली बहीण लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेली आणि जाताना सुभेदारांना आमच्याकडे ठेवून गेली. सुभेदार म्हणजे पॉमेरेनियन जातीचा कुत्रा. नुसता केसांचा पसारा, आणि त्या पसाऱ्यात कुठेतरी दोन डोळे आणि एक नाक. ताई त्यांना अहो-जाहो करते. स्वतःच्या नवऱ्याला ती अरे-तुरे करते, ती गोष्ट वेगळी. “त्यांना काही झालं ना, तर मला तोंड दाखवू नकोस,” असं दारात उभी राहून मला म्हणाली आणि मग सुभेदारांच्या कपाळाचा मुका घेऊन रडली. माझ्याकडे बघून रडली नाही.

आठवडाभरात आमच्या घरातही अहो-जाहो सुरू झालं. त्यामुळे बायकोनं स्वयंपाकघरातून “अहो!” म्हटलं की आम्ही दोघंही कान टवकारायचो. पुष्कळदा हाक त्यांनाच असायची.

एके सकाळी सुभेदारांनी माझ्या तोंडापाशी येऊन जांभई दिली आणि इथून प्रकरणाला तोंड फुटलं. दोन दिवस घरात कसला तरी वास येत होता. बायकोनं आधी बेसिन धुतलं, मग फ्रिज रिकामा केला, मग माझ्याकडे संशयानं पाहिलं. आता त्या जांभईनं मला वासाचा उगम सापडला. मी लगेच ताईनं देऊन ठेवलेल्या नंबरावर सुभेदारांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“लहान जातीच्या कुत्र्यांचं हे असंच असतं,” बाई म्हणाल्या. “जबडा एवढासा, पण दातांची संख्या मोठ्या कुत्र्याइतकीच. दाटीवाटीनं बसतात, मध्ये अन्न अडकतं, थर चढतो, हिरड्या सुजतात, मग दात हलायला लागतात. दुर्लक्ष केलं तर पुढे हृदयापर्यंत त्रास जातो. भूल देऊन साफ करावे लागतील. वजन किती आहे आता? गेल्या खेपेला तीन किलो दोनशे होतं. घरी काटा असेल तर करून सांगा.”

घरी काटा असेल तर! मी कचेरीतून प्रमाणित पितळी वजनं रीतसर सही करून घरी आणली, न्हाणीघरातला काटा त्यांच्यावर तपासला. अचूक निघाला. मग सुभेदारांना काट्यावर ठेवलं. ते उतरले. पुन्हा ठेवलं. पुन्हा उतरले. काट्याची थंड काच त्यांच्या पायांना मानवत नव्हती. शेवटी मी त्यांना कडेवर घेऊन स्वतःच काट्यावर उभा राहिलो.

आता इथे थोडी शास्त्रीय माहिती देणं भाग आहे. बरणीतलं तेल मोजायचं असेल तर एकूण वजनातून बरणीचं वजन वजा करतात. बरणीचं वजन एकदा केलं की दर खेपेला करत बसत नाहीत, बरणीवर लिहून ठेवतात. ह्या व्यवहारात बरणी म्हणजे मी. आणि माझं वजन पासष्ट किलो. नोकरीला लागताना झालेल्या तपासणीत ते पासष्ट भरलं होतं, आणि तेव्हापासून कुणीही विचारलं की मी पासष्टच सांगत आलो आहे. माणसाच्या बोलण्यात सातत्य हवं.

काट्यानं साडेसत्तर दाखवलं. पासष्ट वजा केले. राहिले साडेपाच.

“साडेपाच?” फोनवर बाईंचा आवाज चढला. “नीट केलंत ना?”

“बाई,” मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, “मी वजनमापे खात्यात आहे.”

मग बाई म्हणाल्या, “मग इतक्यात भूल देता येणार नाही. धोका आहे. आधी वजन खाली आणा.” आणि त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते ऐकून मी खुर्चीवर बसलो. ह्या जातीची श्वासनळी नाजूक, वजन वाढलं की ती दबते, मग बदकासारखा खोकला येतो. म्हणून गळ्यात पट्टा नको, छातीवरून जाणारा घ्या. गुडघ्याच्या वाट्या सरकतात. म्हणून जिने नकोत, सोफ्यावरून उड्या नकोत. खाणं मोजून द्या, वरचं काही देऊ नका, लस चुकवू नका, आणि दात रोज घासा.

“कुणाचे?” मी विचारलं. फार घाबरलो होतो.

बायको म्हणाली, “मला नाही बाई ते जाड वाटत. उलट हाताला हाडं लागतात.”

“ते केसांमुळे वाटतं,” मी म्हणालो. “काटा खोटं बोलत नाही.”

“काटा नसेल बोलत,” ती म्हणाली आणि माझ्या शर्टाच्या खालून दुसऱ्या बटणाकडे बघत स्वयंपाकघरात गेली. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. शर्ट नवा होता, एवढंच मला वाटलं.

दात घासण्याचा कार्यक्रम रोज सकाळी आंघोळीआधी असे. आंघोळीआधी अशासाठी, की नंतर ती करावीच लागे. बायकोनं सुभेदारांना टॉवेलात गुंडाळून धरायचं आणि मी बोटावर चढवायचा रबरी ब्रश घेऊन आत शिरायचं. डाव्या बाजूला बोट गेलं की सुभेदार असे काही किंचाळत की खालच्या मजल्यावर दारं उघडत. त्यांची टूथपेस्ट कोंबडीच्या चवीची होती. एकदा चष्मा नसताना ती माझ्याच ब्रशवर आली, आणि अर्धे दात घासून होईपर्यंत मला काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी नेहमीपेक्षा अधिक मन लावून दात घासले.

जिन्यांचा प्रश्न मोठा होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये प्राण्यांना मनाई आहे. मी सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी निवृत्त आहेत. कशातून निवृत्त आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, पण नियम त्यांच्याकडे भरपूर आहेत.

“गुडघ्याच्या वाट्या?” ते म्हणाले. “माझ्या दोन्ही गेल्यात. मी बोललो कधी?”

“पण तुम्हाला लिफ्ट आहे.”

“मी प्राणी नाही,” ते म्हणाले. पुढे बराच वेळ विचार करून त्यांनी वाट काढली. “असं करा. प्राणी म्हणून नेता येणार नाही, सामान म्हणून न्या. पिशवीत घालून. सामानाला मनाई नाही. फक्त सामान न्यायची वेळ दुपारची आहे.”

मी त्यांना समजावून सांगितलं की सुभेदारांना ज्या कामासाठी खाली जायचं असतं ते काम दुपारपर्यंत थांबत नाही. त्यावर ते म्हणाले, की मग कमिटीपुढे विषय ठेवावा लागेल, आणि कमिटीची बैठक सभासद जमले की होते, आणि सभासद भांडण असल्याशिवाय जमत नाहीत. तेव्हा आधी कुणाशी तरी भांडा.

शेवटी मी सुभेदारांना कडेवर घेऊन जिने चढू-उतरू लागलो. आणि इथे मला पहिल्यांदा त्यांच्या आजाराचं गांभीर्य जाणवलं. दुसऱ्या मजल्यावरच मला धाप लागायची. पूर्वी कधी लागली नव्हती. पूर्वी मी लिफ्टनं जात असे, पण तो मुद्दा नाही. एवढंसं जनावर, आणि त्याचा भार इतका की माझ्या छातीचा भाता व्हावा! मी मधल्या कठड्याला टेकून उभा राहिलो की चौथ्या मजल्यावरचे मास्तर वरून उतरत येत आणि चष्म्यातून सुभेदारांकडे बघून मान हलवत. “खाण्यावर ताबा नाही,” ते म्हणत. “नजरेतच दिसतं.” हे म्हणताना ते नेमके कुणाच्या नजरेत बघत असत, ते माझ्या कधी लक्षात आलं नाही.

छातीवरचा पट्टा आणायला गेलो तेव्हा दुकानदारानं कुत्र्याचं वजन विचारलं, कारण मापं वजनावर असतात. मी साडेपाच सांगितलं. “एकदा घालून बघा,” तो म्हणाला. मी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं न बोलता पट्टा बांधून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नव्या पट्ट्यात फिरायला निघालो. मी पुढे, सुभेदार मागे. चालताना मी त्यांच्याशी बोलत असतो. वजन कमी करण्यामागची नैतिक बाजू मी त्यांना उलगडून सांगत होतो. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मला वाटलं, पट्टा छान दिसत असेल. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्यानं मला हाक मारली आणि विचारलं, “साहेब, बरं आहे ना सगळं?”

मी मागे वळलो. दोरी होती, पट्टा होता, आत सुभेदार नव्हते.

अतिशयोक्ती करत नाही, मी त्या रस्त्यानं तोंडानं “सुभेदार! अहो सुभेदार!” असं ओरडत धावलो. मोटारी आडव्या येत होत्या, माणसं भिंतीला चिकटत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे ताई दिसत होती. सापडले ते आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या काकूंच्या दारात. मी जिन्यातच बसलो. सुभेदार येऊन माझ्या मांडीला टेकले. थरथरत होते. बहुधा मीच थरथरत असेन. त्यांच्या कानामागे खाजवताना मला एकदम जाणवलं, की ताईच्या भीतीनं मी धावलो असं मी म्हणतोय खरं, पण तसं ते नव्हतं. हा एवढासा प्राणी मला हवा होता. असल्या गोष्टी पुरुषमाणसानं फार वेळ जाणवून घेऊ नयेत, म्हणून मी उठलो आणि दुकानदाराविरुद्ध सदोष माल विकल्याची तक्रार लिहायला घेतली.

आता काकूंविषयी. काकू मनानं चांगल्या आहेत, आणि ही त्यांच्यातली सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे. सकाळचं ते दात घासतानाचं किंचाळणं त्या रोज ऐकत होत्या. त्यात भर म्हणजे सुभेदारांना मोजून खाणं मिळतं हे त्यांना कळलं. मग काय विचारता! इमारतभर झालं, की तिसऱ्या मजल्यावरचे साहेब मुक्या जिवाला उपाशी मारतात आणि वर मारझोडही करतात. दुसऱ्याच दिवशी आमच्या दाराबाहेर कागदात बांधलेलं एक पुडकं सापडलं. वर लिहिलं होतं: ‘सुभेदारांसाठी. माणसांनी हात लावू नये.’ आत लोण्याची बिस्किटं.

त्यानंतर रोज पुडकी यायला लागली. कधी बिस्किटं, कधी केकचे काप, कधी खारे काजू. मास्तरांकडूनही येत, हे विशेष. मी रागानं लाल झालो. बोर्डावर नोटीस लावली: ‘सुभेदार पथ्यावर आहेत. कृपया त्यांना काही देऊ नये.’ संध्याकाळपर्यंत खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, ‘पथ्याची गरज कुणाला आहे ते आरशात बघावं.’ त्या अक्षरात मला सेक्रेटरींचा हात दिसला, पण पुरावा नव्हता.

मग मी जप्ती सुरू केली. आणि इथे मला सुभेदारांचं कौतुक करायला हवं. पहिल्या एकदोन दिवसांत मी त्यांना शिकवलं: दाराबाहेर पुडकं आलं की त्यांनी त्याची दोरी दातांत धरायची, आत आणायचं, आणि माझ्या चपलेवर ठेवायचं. बदल्यात मी त्यांच्या कानामागे खाजवायचं. बस्स! न फोडता, न चाटता, अलगद आणून ठेवायचे आणि बसून माझ्याकडे बघायचे. मी पाहुण्यांना दाखवत असे. “ह्याला म्हणतात शिस्त,” मी म्हणत असे. “खाणं समोर असून तोंड न लावणं माणसालाही जमत नाही.”

“त्या पुडक्यांचं काय करता तुम्ही?” बायकोनं एकदा विचारलं.

“वॉचमनला देतो,” मी म्हणालो.

हे सांगताना माझ्या मनात खरोखरच वॉचमनला देण्याचा विचार होता. पण वॉचमन तळमजल्यावर, मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टमध्ये सामानाची वेळ दुपारची. आणि जप्त केलेला माल नासू देणं हे खात्याच्या शिस्तीत बसत नाही. बाल्कनीतल्या कपड्यांच्या वाळणीमागे एक स्टूल आहे. तिथे बसून मी मालाची तपासणी करत असे. काकूंची लोण्याची बिस्किटं तोंडात विरघळतात, एवढंच मी तपासनीस म्हणून नमूद करतो. सुभेदार समोर बसून मी संपवेपर्यंत पाहत राहत. त्यांच्या नजरेत कौतुक असे, असं मला वाटत असे.

आठवड्याच्या शेवटी मी पुन्हा काट्यावर चढलो. एकाहत्तर. पासष्ट वजा केले. सहा!

मी काट्यावरून उतरलो, पितळी वजनांनी काटा पुन्हा तपासला, पुन्हा चढलो. सहा. खाणं निम्म्यावर आणूनही वजन वाढतंय? बायको म्हणाली, “शक्यच नाही.” मी म्हणालो, “शक्य आहे. चोरून कुणीतरी खाऊ घालतंय.” मी मास्तरांना जिन्यात गाठून त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. “खाई त्याला खवखवे,” मी सूचकपणे म्हणालो. मास्तर म्हणाले, “तुमच्या मिशीला केक लागलाय.”

मी सुभेदारांचं खाणं आणखी कमी केलं. तेही निमूटपणे थोडं खात आणि भांड्यापासून दूर जाऊन बसत. आता ते फार वेळ झोपून राहत. मी पाळत वाढवली, दाराला कडी लावू लागलो, पुडकी मात्र येतच होती, आणि जप्तीही चालू होती. त्याच सुमारास माझ्या पँटी आखडायला लागल्या. लाँड्रीवाला गरम पाण्यात धुतो, हे माझं जुनं म्हणणं आहे. पुढच्या आठवड्यात काट्यानं साडेएकाहत्तर दाखवलं. म्हणजे सुभेदार साडेसहा.

ह्या वेळी मला राग आला नाही. मी घाबरलो. डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्याही घाबरल्या. “खाणं इतकं कमी आणि वजन वाढतंय? पोटात पाणी झालं असेल. हृदय असू शकतं. ताबडतोब घेऊन या,” त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. “सुभेदार कसे आहेत?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “मजेत.” फोन ठेवला आणि सुभेदारांना कुशीत घेऊन बसून राहिलो. पोटात पाणी झालेलं जनावर इतकं हलकं कसं लागतं, हा प्रश्न मनात आला होता. पण काट्यापुढे हाताचं काय चालतं!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. भिंतीला लागून माणसं आणि कुत्री आळीपाळीनं बसली होती. आम्हाला आधी आत घेतलं. म्हणजे आत असं नव्हे. दवाखाना एकाच मोठ्या खोलीचा, मध्ये एक अर्धवट पडदा, तोही बाजूला सारलेला. बाईंनी सुभेदारांच्या अंगावरून हात फिरवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी त्यांना टेबलावरच्या छोट्या काट्यावर ठेवलं. खाली मऊ टॉवेल होता म्हणून की काय, सुभेदार शांत बसले.

“पावणेतीन,” बाई म्हणाल्या.

“सहा पावणेतीन?” मी विचारलं. असला आकडा नसतो हे मला ठाऊक आहे. पण माणूस गांगरतो.

“दोन किलो साडेसातशे. ह्यांना खायला देत नाही का तुम्ही?”

आता माझ्यातला अधिकारी जागा झाला. “बाई, तुमचा काटा बिघडलेला आहे,” मी म्हणालो आणि ओळखपत्र काढलं. पिशवीत पितळी वजनं होतीच. ती मी हल्ली जवळच बाळगत होतो. भरल्या दवाखान्यासमोर मी एकेक वजन त्या काट्यावर ठेवलं. अर्धा किलो ठेवलं, अर्धा किलो दाखवलं. एक ठेवलं, एक. दोन ठेवलं, दोन. इतका प्रामाणिक काटा मी नोकरीत क्वचित पाहिला असेल. बसलेली माणसं माना लांबवून बघत होती. एक भला मोठा काळा कुत्राही बघत होता.

“घरी कसं केलंत वजन?” बाईंनी हळूच विचारलं.

मी सांगितलं. बरणीची गोष्ट सांगितली. बरणी कोण, तेही सांगितलं.

बायको इतका वेळ सुभेदारांच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. तिनं कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे मोठ्या कुत्र्यांसाठी जमिनीला लागून असलेला लोखंडी काटा होता, आणि त्याचे आकडे साऱ्यांना दिसावेत म्हणून भिंतीवर वर, लाल दिव्यांत येत होते.

“अहो,” ती म्हणाली, “चढा त्याच्यावर.”

हाक माझ्यासाठी होती, ह्यात ह्या वेळी शंका नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं. काळ्या कुत्र्याचं वजन नुकतंच झालेलं होतं. त्याच्या मालकानं त्याला बाजूला घेऊन मला वाट करून दिली. मी चढलो. लाल आकडे धावले, जरा घुटमळले, आणि थांबले. अडुसष्ट पॉइंट सात पाच.

कुणीही हसलं नाही. मग माझ्या बायकोनं, जिला हिशेब येत नाही असं मी लग्नापासून सांगत आलो आहे, ती वजाबाकी मोठ्यानं केली: साडेएकाहत्तरातून हे गेले, राहिले पावणेतीन. माझं सगळं सरकारी वजन त्या एका वजाबाकीत गेलं.

“म्हणजे वजन तुमचं वाढलं आणि उपास ह्यांना घडला,” ती म्हणाली. “चोर सोडून संन्याशाला फाशी!”

बाईंनी मात्र माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्या सुभेदारांचं तोंड उघडून आत बघत होत्या. “डावीकडचे मागचे दोन दात हलताहेत,” त्या म्हणाल्या. “ठणका लागत असणार. कडक काही चावता येत नसेल बिचाऱ्यांना. बिस्किटबिस्किट दिलंत तर तोंड लावतात का?”

चपलेवर आणून ठेवलेली ती सगळी पुडकी मला आठवली. पाहुण्यांपुढे मी मिरवलेली ती शिस्त, आणि स्टुलावर बसून मी खात असताना समोरून बघणारे ते डोळे. त्यांना चावता येत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आणत होते. मला फार वाईट वाटलं. मी सुभेदारांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या दवाखान्यादेखत म्हणालो, “चुकलो हो, सुभेदार.” त्यांनी माझं बोट चाटलं. त्यांच्या तोंडाचा वास अजून तसाच होता, पण मी हात काढला नाही.

पुढचं सगळं सरळ झालं. बाईंनी आधी काही दिवस मऊ, भिजवलेलं खाणं पोटभर द्यायला सांगितलं. वजन जाग्यावर आलं, रक्त तपासलं, हृदय ऐकलं, आणि मग भूल देऊन दात साफ केले. दोन दात काढावे लागले. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो होतो. बायकोनं मला एकदाही टोमणा मारला नाही, ह्यावरून ती किती काळजीत होती ते कळावं. सुभेदार शुद्धीवर आले आणि पहिलं काम म्हणून त्यांनी, योगायोगानं त्या दिवशीही आलेल्या त्या काळ्या कुत्र्यावर भुंकून घेतलं.

निघताना बाई म्हणाल्या, “मी माणसांची डॉक्टर नाही. पण खाणं मोजून, वरचं काही नको, आणि गुडघे शाबूत आहेत तोवर जिने चढत राहा.” बायकोनं ही सूचना शब्दशः अंमलात आणली. सुभेदारांचं मापाचं भांडं माझ्याकडे आलं. दुकानदाराविरुद्धची तक्रार मी मागे घेतली आणि एक लहान पट्टा आणला, घालून बघून. मी स्वतः तळमजल्यावर जाऊन काकूंना सांगितलं, की पुडकी बंद करा, सुभेदारांना आता घरात पोटभर मिळतं. हे सांगताना माझा आवाज जड झाला. काकूंना वाटलं, कुत्र्याच्या मायेनं झाला.

ताई परत आली ती थेट आमच्याकडेच. सुभेदारांनी तिच्याभोवती इतक्या गिरक्या घेतल्या की ताईच भोवळून सोफ्यावर बसली. दातांचं बायकोनं तिला फोनवर कळवलं होतं, त्यामुळे तोंड उघडून तिनं आधी ते पाहिले, मग पाय पाहिले, बरगड्या चाचपल्या. “छान ठेवलेस हो,” ती म्हणाली. ताईकडून हे ऐकायला मिळावं म्हणून मी लहानपणापासून बरंच काही केलेलं आहे. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. “आणि तू असा का दिसतोस? आजारी होतास की काय?”

“डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय त्यांना,” बायको म्हणाली.

“कुठल्या डॉक्टरांनी?”

“सुभेदारांच्या.”

ताई पुढे काही विचारणार, एवढ्यात तिला आठवण झाली. तिनं बॅग उघडली आणि कागदात गुंडाळून दोरीनं बांधलेलं एक पुडकं काढलं. “घ्या सुभेदार,” ती लाडानं म्हणाली, “खास तुमच्यासाठी आणलीयत. लोण्याची बिस्किटं. आता दात बरे झालेत ना, खा एखादं.”

सुभेदारांनी पुडक्याची दोरी दातांत धरली. ताईकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं नाही. खोली ओलांडून ते ऐटीत माझ्यापाशी आले, पुडकं माझ्या चपलेवर अलगद ठेवलं, आणि समोर बसून शेपूट हलवत माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी कधी सुरुवात करतो म्हणून.

“अगंबाई! हे काय नवीन?” ताई म्हणाली.

बायको आधी पुडक्याकडे बघत होती, मग बाल्कनीतल्या कपड्यांच्या वाळणीकडे, मग माझ्याकडे. “वॉचमनला देत होतात ना?” तिनं अगदी शांतपणे विचारलं.

अशा वेळी माणसानं हात मागे बांधून उभं राहावं, हे मला कळतं. पण सुभेदारांचे आता सगळे उरलेले दात शाबूत होते, ठणका नव्हता, चावायला काही अडचण नव्हती, आणि तरीही त्यांनी ते माझ्याकडेच आणलं होतं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? कागदातून लोण्याचा वास येत होता. मी त्यांच्या कानामागे खाजवलं. आणि दुसरा हात, मी त्याला काही सांगायच्या आतच, त्या दोघींच्या देखत दोरीची गाठ सोडत होता.